अंडरग्राउंड खदानीतलं कोळसा कापायचं मशीन नेमकं गेलं कुठं?

पीडीपीटी_पोरगा:

नमस्कार मंडळी. मायनिंगचा डिप्लोमा झालाय आणि सध्या चंद्रपूरकडच्या एका अंडरग्राउंड खदानीत वर्षभराचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग चालू आहे. दोन महिन्यांपासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय, तिथं कोणाला विचारलं की "पेपरात आलं तर लिही ना, इथं कशाला पाहिजे" असं उत्तर मिळतं म्हणून इथं टाकतोय.

पुस्तकात कोल कटिंग मशीनवर अख्खं प्रकरण आहे, जिब, चेन, पिक, अंडरकट, ओव्हरकट, सगळं आकृत्यांसकट पाठ केलं होतं. आणि फेसवर, म्हणजे कोळशाच्या भिंतीपाशी, जाऊन बघतो तर कापणं नावाचा प्रकारच नाही! ड्रिलनं भोकं पाडतात, बारूद भरतात, शॉटफायरर सगळ्यांना मागं घेतो, धडाम, मग धूर गेला की ड्रेसर सब्बल घेऊन छत ठोकून बघतो, लटकलेलं पाडतो, सपोर्ट लागतो आणि मग एसडीएल (साइड डिस्चार्ज लोडर, कोळसा भरायचं मशीन) येऊन बकेटनं कोळसा उचलून चेन कन्व्हेयरवर टाकतो. झालं. यात कापलं कोणी?

दुसरं म्हणजे माझे आजोबा याच पट्ट्यात 'कटिंग'वर होते. ते सांगतात की आमचं मशीन स्वतःच स्वतःला दोरीनं ओढत जायचं. मला वाटायचं म्हातारं फेकतंय (सॉरी आबा). चाक नाही, क्रॉलर नाही, जमिनीवर पालथं पडलेलं दोन-तीन टनाचं धूड स्वतःला ओढणार कसं?

आणि तिसरं, कंटिन्युअस मायनर या बारूदशिवाय कोळसा कापणाऱ्या मशीनबद्दल सगळे बोलतात, त्या लाईनला जावं का? खरंच येणारे का ते सगळीकडं, की तेही पुस्तकातच राहणार?

जुना_ओव्हरमन:

आबा फेकत नाहीत राजा, एकदम खरं सांगतात. रिटायर होऊन मला बरीच वर्षं झाली पण ते मशीन डोळ्यासमोर जसंच्या तसं आहे म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढं सरक.

मशीन म्हणजे लांबलचक लोखंडी पेटी, उंची जेमतेम गुडघ्याच्या वर. मधी मोटर. एका टोकाला जिब, म्हणजे चपटी लांब जीभ समज, तिच्या कडेनं चेन फिरते आणि चेनवर पिक, म्हणजे दात, बसवलेले, आपल्या लाकूड कापायच्या चेन सॉचा थोरला भाऊच तो. आणि मशीनवरच एक छोटा ड्रम, त्याच्यावर वायर रोप गुंडाळलेला. आता ही रोप ओढत न्यायची फेसच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणि तिथं एक प्रॉप (टेकूचा खांब) छत अन् जमिनीच्या मधी पाचर मारून पक्का ठोकायचा, त्याला स्टेकिंग प्रॉप म्हणत, त्याला रोप बांधायची. मग ड्रायव्हर ड्रम चालू करणार, ड्रम रोप गुंडाळणार, प्रॉप काही हलत नाही, मग हलणार कोण? मशीनच. विहिरीत पडलेला माणूस दोर धरून वर येतो तसं, फक्त हे आडवं.

आधी एका कोपऱ्यात जिब कोळशात घुसवायची आणि मग मशीन घसरत घसरत फेसच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायचं. मागं राहायची जमिनीलगत एक फट, वीतभर नाही पण चार-पाच इंच रुंद आणि आत दीड मीटरच्या आसपास खोल. बस्स, मशीनचं काम इतकंच. बऱ्याच पोरांना वाटतं ते मशीन कोळसा काढायचं, नाही रे, ते फक्त फट पाडायचं. कोळसा नंतरही बारूदनंच पडायचा, पण खाली फट असल्यामुळं त्याला पडायला जागा मिळायची. म्हणून बारूद कमी लागायचा, छताला धक्का कमी बसायचा आणि कोळसा मोठ्या ढेपळांनी निघायचा.

आता त्यातली गंमत ऐक. फटीतून जो चुरा निघतो तो हेल्परनं लांब दांड्याच्या फावड्यानं सारखा ओढून बाहेर काढायचा. नाही काढला तर चुरा तिथंच दाबून बसतो, फट भरली म्हणजे कापलं न कापलं सारखंच. शॉट मारला की कळायचं कोणी आळस केलाय ते, कोळसा पडायच्या ऐवजी भिंतीला नुसत्या भेगा. तुझे आबा हेल्परपासून चढले असतील तर विचार त्यांना, कंबर अजून दुखत असेल.

भीती दोनच गोष्टींची. एक, प्रॉप सटकला तर ताणलेली रोप चाबकासारखी फिरते, त्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही हा पहिला धडा. दुसरी म्हणजे आवाज. तेव्हा लाकडी प्रॉप असायचे आणि लाकूड दबायला लागलं की कडकड बोलतं, आम्ही जुनी माणसं त्या आवाजावरच जगलो. पण मशीन चालू असलं की तो आवाज ऐकूच येत नाही. म्हणून आमचा एक सरदार (शिफ्टमधी सुरक्षा बघणारा) दर थोड्या वेळानं मशीन बंद करायला लावायचा, सगळे गप्प, मिनिटभर छत ऐकायचं, मग परत चालू. मॅनेजर वैतागायचा उत्पादन कमी होतं म्हणून. पण त्या सरदाराच्या डिस्ट्रिक्टमधी, म्हणजे खदानीतल्या त्याच्या भागात, माझ्या माहितीत कोणाला खरचटलं पण नाही.

मशीन गेलं कुठं ते नंतर लिहितो, नातू शाळेतून आलाय.

गेटएंडबॉक्स:

ओव्हरमन साहेब नातवाला घेऊन बसले तोपर्यंत मी इलेक्ट्रिकलवाल्यांची बाजू मांडतो, आम्हाला कोणी विचारत नाही.

भाऊ, कटिंग मशीन असो, एसडीएल असो की कंटिन्युअस मायनर, सगळ्यांचा जीव अडकलेला असतो शेपटीत. शेपटी म्हणजे ट्रेलिंग केबल. गेट एंड बॉक्सपासून (फेसजवळचा स्विचचा डबा) मशीनपर्यंत जमिनीवर लोळणारी, पाण्यात भिजणारी, वरून दगड झेलणारी, आणि एसडीएलचा ऑपरेटर घाईत असला की त्याच्याच क्रॉलरखाली येणारी. केबलमध्ये तीन फेज, अर्थ आणि एक बारीकशी पायलट कोअर असते, ती पायलट तुटली की गेट एंड बॉक्समधला कॉन्टॅक्टर सुटतो आणि मशीन बंद. म्हणजे केबल ओढली गेली, फाटली तर ठिणगी व्हायच्या आधी करंट गेला पाहिजे ही कल्पना. अर्थ फॉल्टचा करंट पण न्यूट्रलला रजिस्टन्स लावून 750 मिलिअँपच्या आत धरलेला असतो, मोठी ठिणगी पडूच नये म्हणून. वर घरात फ्यूज उडाला तर तू शिव्या देतोस, खाली उडाला तर हात जोडायचे.

पण ऑपरेटर लोकांना हे ट्रिपिंग म्हणजे आमचा कामचुकारपणा वाटतो. एकदा एका महाशयांनी (खदान कुठली ते सोडा) पायलटच बायपास करायला सांगितलं होतं, टार्गेट अपुरं आहे म्हणून. मी म्हटलं लिहून द्या. विषय तिथंच मिटला 😀

@पीडीपीटी_पोरगा तू फेसवर असशील तर एक काम कर, फ्लेमप्रूफ बॉक्सचं झाकण उघडलेलं दिसलं की त्याची कड बघ, आरशासारखी घासलेली सपाट असते. आत स्फोट झाला तरी त्या दोन सपाट पट्ट्यांच्या मधून बाहेर येईपर्यंत ज्वाळ थंड होते, बाहेरचा गॅस पेटत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. म्हणून एक बोल्ट कमी लावला तरी तो बॉक्स फ्लेमप्रूफ राहत नाही. पुस्तकात हे चार ओळीत असतं आणि आमची नोकरी याच चार ओळींवर आहे.

जुना_ओव्हरमन:

आलो परत. @गेटएंडबॉक्स, बरोबर लिहिलंत, केबलवरून तर आमची रोजची भांडणं.

तर मशीन गेलं कुठं. त्याला बारूदनंच खाल्लं, असं माझं म्हणणं.

फट का पाडायचो? कारण कोळशाच्या सपाट भिंतीत नुसतं भोक पाडून बारूद उडवला तर त्याला सुटायला मोकळी बाजू नाही. मग शॉट भोकातूनच उलटा बाहेर येतो बंदुकीसारखा, ज्वाळेसकट. गॅसच्या खदानीत याच्यापेक्षा वाईट काही नाही. म्हणून आधी मशीननं मोकळी बाजू करून द्यायची. नंतर पी-5 जातीचा परमिटेड (गॅसच्या खदानीत वापरायची परवानगी असलेला) बारूद आला आणि मिलिसेकंद डिलेचे डेटोनेटर आले. आता काय करतात, फेसच्या मधोमध तिरकी भोकं पाडतात, आत जाऊन एकमेकांकडं झुकणारी, ती आधी उडतात, मधला पाचरीसारखा तुकडा बाहेर येतो, झाली मोकळी बाजू तयार, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत आजूबाजूची भोकं उडतात. तू ऐकतोस एकच धडाम पण असतात ते बरेच धडाम. पुढच्या वेळी ड्रिलवाला भोकं पाडताना ड्रिलची दिशा बघ, मधली तिरकी आणि कडेची जवळपास सरळ. याला ब्लास्टिंग ऑफ द सॉलिड म्हणतात, तोंडी सगळे सॉलिड ब्लास्टिंगच म्हणतात.

हे जमल्यावर मशीनची गरज कोणाला? एक फेस कापायला आमच्याकडं तासभर आणि तिथून ओढून पुढच्या फेसला न्यायला कधी कधी त्याहून जास्त, वाटेत केबल, रोप, प्रॉप सगळा संसार घेऊन. मधी दगडाचा पट्टा लागला की पिकांचे दात पडलेच. त्यात स्पेअर मिळायची बोंब. तोवर टोपलीनं टबात कोळसा भरणारे लोडर जाऊन एसडीएल आणि एलएचडी (कोळसा भरून वाहून नेणारं मशीन) आले, त्यांना ढेपळं असो की चुरा, फरक पडत नाही. आणि अजून एक माझं आपलं मत, मोठ्या ढेपळाचं मोल होतं तोवर कापण्याला अर्थ होता, रेल्वेची वाफेची इंजिनं होती तेव्हा ढेपळाला मागणी होती. पॉवर हाऊसला काय, ते तर शेवटी पिठासारखं दळूनच जाळतात. मग ढेपळं जपायची कशाला?

पण त्याची किंमत पण मोजतोय आपण. सॉलिड ब्लास्टिंगनं छताला भेगा जास्त जातात, गॅलरीची, म्हणजे कोळशातल्या बोगद्याची, कड वेडीवाकडी होते, धूर जाईपर्यंत सगळे बसून राहतात. मशीनच्या काळात छत कापल्यासारखं साफ दिसायचं. हे म्हातारपणाचं 'आमच्या वेळी' नाही हं, खरंच.

शटलकार:

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, मी चार वर्षं कंटिन्युअस मायनरच्या क्रूमध्ये होतो, आधी शटल कार चालवली आणि मग मायनरवर हेल्पर.

आधी थोडा इतिहास. मशीन नवीन नाहीये, अमेरिकेत 1948 च्या सुमारास जॉय कंपनीचं बाजारात आलं. आपल्या देशात पहिलं आलं 2002 मध्ये, छत्तीसगडच्या चिरिमिरीला अंजन हिल खदानीत, आणि त्याच्या पाठोपाठ आपल्या वेकोलिच्याच (वेस्टर्न कोलफिल्ड्स) तांडसीला, छिंदवाडा जिल्ह्यात. म्हणजे नागपूरहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचशील इतक्या जवळ, आणि आपल्या लोकांना वाटतं ही परदेशातली गोष्ट.

मशीन कसं चालतं तर पुढं एक आडवा ड्रम, साधारण सव्वातीन मीटर रुंद, त्याच्यावर पिकांची नक्षी. ड्रम वर उचलायचा, छताजवळ कोळशात घुसवायचा आणि वरून खाली ओढायचा. कोळसा खाली पडतो, खालचे दोन हात तो गोळा करतात, मशीनच्याच पोटातून चेनवरून मागं शेपटीपर्यंत येतो आणि तिथं शटल कार उभी असते तिच्यात पडतो. फट नाही, ड्रिल नाही, बारूद नाही. मिनिटाला दहा-पंधरा टन कापायची ताकद असते राव, माझी शटल कार लावली न लावली की भरायची. मग मी ती फीडर ब्रेकरपर्यंत न्यायची, तिथं ढेपळं फुटून बेल्टवर जातात. शटल कार वळवत नाहीत बरं का, ड्रायव्हरच बाजूला तोंड करून बसतो आणि तशीच पुढं-मागं करायची, पहिले आठ दिवस माझी मान मोडली होती.

आता मुद्द्याचं. हे सगळं ऐकून वाटतं मिनिटाला दहा टन म्हणजे शिफ्टला किती होतील, आणि इथंच सगळे फसतात, अगदी मोठे साहेब लोकसुद्धा. कापणं हा सगळ्यात छोटा भाग आहे!! ठरलेले मीटर कापले की मायनरला मागं यावं लागतं कारण पुढं छत उघडं आहे, तिथं कोणी पाय ठेवायचा नाही, ऑपरेटर पण रिमोट घेऊन शेवटच्या बोल्टच्या अलीकडंच उभा असतो. मग बोल्टर पुढं जातो, छतात भोकं पाडतो, रेझिनच्या कॅप्सूल सरकवतो, बोल्ट फिरवून घट्ट बसवतो, एकेक ओळ. तोपर्यंत मायनर दुसऱ्या गॅलरीत. तिथं बोल्टिंग झालेलं असलं तर ठीक, नाहीतर करोडोंचं मशीन उभं, आणि आम्ही खडूनं गॅलरीच्या भिंतीवर वेळ लिहीत बसायचो. आमच्या क्रूचा फोरमन म्हणायचा मायनर हा नवरदेव आहे, वरात बोल्टरची आणि बेल्टची. बोल्टर थांबला वरात थांबली, वर बेल्ट तुटला तरी वरात थांबली.

पिकांचं एक सांगतो कारण मी त्यातच हात काळे केले. पिक शंकूसारखा असतो, टोकाला टंगस्टन कार्बाइडचं बारीक टोपण. तो होल्डरमध्ये सैल बसवतात, मुद्दाम, म्हणजे कापता कापता स्वतःभोवती फिरत राहतो आणि सगळ्या बाजूंनी सारखा झिजतो, पेन्सिल फिरवून फिरवून लिहिलं की टोक कसं टिकतं तसं. चुऱ्यानं तो अडकला, फिरेना झाला, की एकाच बाजूनं घासून चपटा होतो. मग तो कापत नाही, घासतो. घासला की धूळ वाढते, करंट वाढतो, आणि छतातला वाळूचा दगड लागला की दगडावर मागं एक लाल तापलेला पट्टा राहतो. गॅस पेटवायला उडणाऱ्या ठिणगीपेक्षा तो पट्टा जास्त डेंजर. म्हणून ड्रमवर पाण्याचे स्प्रे असतात, आणि मशीनवर मिथेनचं मीटर, सव्वा टक्क्याला करंट कट. शिफ्ट सुरू झाली की पहिलं काम म्हणजे पॉवर आयसोलेट करून, लॉक लावून, एकेक पिक बोटानं फिरवून बघणं. फिरला तर आहे, नाही फिरला तर हातोडीनं काढ आणि बदल. स्प्रेचं एखादं भोक बुजलेलं असलं तर तार घालून मोकळं कर. हे अर्ध्या तासाचं काम चुकवलं की उरलेली शिफ्ट रडत जाते.

लाईन चांगली आहे, ये. पण "कापायचं" शिकायला येऊ नको, बोल्टिंग आणि हायड्रॉलिक शिक. मायनरचा जॉयस्टिक महिन्याभरात हातात बसतो.

शंकासुर:

एवढं भारी मशीन आहे तर 2002 पासून आजपर्यंत गल्लोगल्ली का नाही आलं? कोल इंडियाचा अंडरग्राउंडचा वाटा एकूण उत्पादनात चार टक्क्यांच्या आसपास घसरलाय म्हणे. मला तर वाटतं हे सगळं प्रेझेंटेशनपुरतं. वर ओपनकास्टला डंपर आणि शॉवेल लावला की काम भागतं, खाली जाऊन कोण मरणारे.

जुना_ओव्हरमन:

शंकासुरजी, घसरलाय हे खरं पण त्याचं खापर मशीनवर फोडू नका.

जमीन आपल्या सोयीची नसते हो. आपल्या वर्धा खोऱ्यात सीम, म्हणजे कोळशाचा थर, जाड, काही ठिकाणी पंधरा मीटरच्या वर. गॅलरी मात्र नियमानं 4.8 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच, त्याच्यापेक्षा जास्त हवी तर डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालय) परवानगी. म्हणजे जाड सीममधली एक चकती तुम्ही काढता, बाकी वर-खाली तसंच. दुसरं, जुन्या खदानींमधी गॅलऱ्या आधीच पाडून ठेवलेल्या, कोळसा अडकलाय छत धरायला सोडलेल्या पिलरमधी. त्या गॅलऱ्या आम्ही टब आणि हॉलेजच्या हिशोबानं पाडलेल्या. तिथं हे लांबलचक धूड आणि त्याच्या मागं शटल कार कोपऱ्यावर वळवणार कशी? पिलरचे कोपरे छाटावे लागतात. उतार जास्त असला, जमीन मऊ असली, पाणी असलं की शटल कारचं टायर चिखलात. वरून गाव, नदी, नाला, रेल्वे असली तर छत पाडताच येत नाही, तिथं वाळू भरत काम करायचं, कामठी पट्ट्यात कन्हान नदीची वाळू पाण्याबरोबर खाली सोडून भरायचो आम्ही. हे सगळं जमवून मशीन बसतं. नवीन खदान मशीनच्या मापानं आखली तर ते पळतं, जुन्या खदानीत घुसवलं तर दोघांचेही हाल.

लांब_भिंत:

एक भर टाकतो. मी सध्या ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला लाँगवॉलवर आहे, मूळ गाव वणी.

कापायच्या मशीनची गोष्ट शिअररशिवाय अपुरी राहील. ओव्हरमन काकांनी सांगितलेलं तेच जमिनीवर लोळणारं मशीन, 1952 साली इंग्लंडात लँकशायरला जेम्स अँडर्टन नावाच्या माणसानं त्याची जिब काढून टाकली आणि तिच्या जागी आडव्या दांड्यावर फिरणारं पिकांचं चाक बसवलं. फट पाडण्याऐवजी मशीन फेसवरून जाताना कोळशाचा अख्खा थर सोलत जायचं आणि शेजारच्या कन्व्हेयरवर टाकायचं. पुढं ब्रिटनचा बहुतेक कोळसा याच तऱ्हेच्या मशीननं निघाला. म्हणजे पोरा, तुझ्या आबांचं मशीन गेलं नाही, त्याला पोरं झाली. हा शिअरर आणि मायनर तुझे नात्यातलेच.

आमच्याकडं फेस अडीच-तीनशे मीटर लांब, एकच भिंत, म्हणून लाँगवॉल. शिअरर या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, प्रत्येक फेरीला मीटरभर जाडीचा थर सोलतो. डोक्यावर हायड्रॉलिक शील्डची, म्हणजे छत धरणाऱ्या लोखंडी टेकूंची, रांग, शिअरर पुढं गेला की एकेक शील्ड खाली बसते, पाऊल पुढं टाकते, परत छताला टेकते, आणि मागं उघडं पडलेलं छत आपलं आपण पडतं. पहिल्यांदा मागचं छत पडताना ऐकलं तेव्हा मी पळालो होतो, बाकीचे सँडविच खात होते.

आपल्याकडं हे धनबादजवळ मुनिडीहला 1978 मध्येच आलं. मग थांबलं का? @शंकासुर तुमच्या प्रश्नाचा एक भाग इथं आहे. 1990 मध्ये छत्तीसगडकडच्या चरचा खदानीत लाँगवॉल फेसच्या वरच्या बाजूला डोलेराइट नावाच्या अतिशय कडक दगडाचा थर होता, तो मागं वेळेवर तुटलाच नाही, लटकत राहिला, आणि तुटला तेव्हा एकदम. शील्डचे पाय तो धक्का झेलू शकले नाहीत, फेस दबला. ब्रिटनमध्ये छत नियमानं पडायचं म्हणून लाँगवॉल सोपं गेलं, आपल्याकडं छत कडक, लटकतं, म्हणून शील्डची ताकद कितीतरी जास्त लागते. हे महागात शिकलो आपण. आता बल्लारशाहून गाडीत बसलं की खाली रामगुंडमला सिंगरेणी कंपनीचा अद्रियाला प्रोजेक्ट आहे, 2014 पासून अडीचशे मीटरच्या फेसवर चालू केला, तिथं शील्ड एकदम तगड्या आहेत. सुट्टी काढून बघून ये, परवानगी मिळाली तर.

गेटएंडबॉक्स:

आणि तिथं लाँगवॉलला 3.3 केव्ही, म्हणजे 3300 व्होल्ट. आमच्या 550 व्होल्टवाल्यांनी लांबूनच नमस्कार करायचा.

पीडीपीटी_पोरगा:

सगळ्यांना मनापासून थँक्स, एवढं तर दोन सेमिस्टरमध्ये कोणी शिकवलं नाही.

शुक्रवारी फेसवर ड्रिलवाल्याच्या मागं उभा राहिलो, मधली भोकं खरंच तिरकी, कडेची सरळ. त्याला विचारलं तर म्हणाला "तिरकी नाही मारली तर सॉकेट राहतात", म्हणजे बारूद वाया जाऊन भोकाची बुडं तशीच राहतात. आणि जुन्या ओव्हरमन काकांनी सांगितल्यावर आबांना विचारलं हेल्पर होता का. तर म्हणाले सात वर्षं हेल्पर, मग ड्रायव्हर. चुऱ्याचं नाव काढल्याबरोबर उठून भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि दाखवलं फावडं कसं ओढायचं ते, आई ओरडायला लागली कंबर धराल म्हणून. प्रॉप सटकलेला पण त्यांनी बघितलाय, त्यावर जास्त बोलले नाहीत.

मग ते म्हणाले तुझ्या खदानीत आमचं एक मशीन होतं, वर्कशॉपच्या मागं टाकलं असेल बघ. आज गेलो. वर्कशॉपच्या मागं बाभळीच्या सावलीत एक गंजलेलं लांबट लोखंड आहे ज्याच्यावर बसून आम्ही ट्रेनी लोक दोन महिने रोज डबा खातोय. गवत बाजूला केलं तर खालून जिब निघाली. चेन नाहीये, पण पिकांचे होल्डर ज्या खाचेत फिरायचे ती खाच आहे आणि दुसऱ्या टोकाला रोपचा ड्रम, त्याच्यात कोणीतरी विटा भरून ठेवल्यात.

जुना_ओव्हरमन:

विटा काढ आणि ड्रमच्या बाजूला हात घालून बघ, रोपचं टोक अडकवायची खाच सापडेल. सापडली तर फोटो काढून आबांना दाखव. आणि डबा खायला मोटरच्या पेटीवर बसत जा, ड्रमची कड तेव्हाही पँट फाडायची.